टीएमटीत पास व्हायचंय? मग नीट ऐका

अभिनंदन! ऑफिसच्या चेकअपमुळे म्हणा, घरच्यांच्या तगाद्यामुळे म्हणा, शेवटी तुमच्या कागदावर डॉक्टरांनी 'टीएमटी' लिहिलं. म्हणजे ट्रेडमिल टेस्ट: अंगाला वायरी लावून पट्ट्यावर चालायचं आणि हृदय दमल्यावर कसं वागतं ते बघायचं. निवांत पडून काढलेला ईसीजी ब्लॉकेज असतानाही साफ येऊ शकतो, म्हणून हा खटाटोप. पण ते डॉक्टरांचं झालं. आपल्यासाठी ही परीक्षा आहे, आणि परीक्षेत काय कळलं याला आपल्याकडे कधीच महत्त्व नव्हतं. पास झालो का, एवढंच घरी विचारतात. मी गेल्या वर्षी देऊन आलोय. तेव्हा सीनियर या नात्याने चार गोष्टी सांगतो.

आदले दोन-तीन तास काही खाऊ नका, चहा-कॉफी-तंबाखू नको, असं ते फोनवर सांगतील. सांगू देत. रिकाम्या पोटी चक्कर येते हे आपल्याला आजीपासून ठाऊक आहे, तेव्हा एक मिसळ आणि वर कटिंग मारूनच जा. बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना अजिबात विचारू नका. त्यातल्या काही गोळ्या नाडीला लगाम घालतात, ठोके हवे तेवढे चढतच नाहीत आणि टेस्ट अर्धवट राहते; उलट आपल्या मनाने एकदम बंद केल्या तर दुखणं उसळू शकतं. इतका नाजूक प्रश्न सोसायटीतल्या रिटायर्ड बँक मॅनेजरांनाच विचारलेला बरा. पायात बूट? छे, सँडल चालतात. आपण काय ऑलिम्पिकला निघालोय?

मग एक फॉर्म येईल. या तपासणीत क्वचित छातीत दुखू शकतं, क्वचित अॅटॅकही येऊ शकतो, म्हणून डॉक्टर शेजारी असतात, वगैरे त्यात असतं. आपण बँकेत करतो तशीच फुलीच्या खुणेपाशी सही ठोका.

पुढची पायरी पुरुषांसाठी. टेक्निशियन म्हणेल, "काका, शर्ट काढा, छाती करावी लागेल." मला आधी वाटलं, छाती पुढे करायची. मी केली. त्याने शांतपणे ब्लेड काढलं आणि साबण-पाण्याच्या भानगडीत न पडता ठिकठिकाणी चौकोनी माळरानं तयार केली. मग खरखरीत कागदाने कातडी घासली, गार जेल, दहा स्टिकर, दहा वायरी, आणि कमरेला पट्ट्याने बांधलेला डबा. आरशात बघू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तो विचारेल, "जिना चढताना छातीत भरून येतं का? दम लागतो का? घरात कुणाला हार्टचं?" इथेच बरेच जण खरं बोलून नापास होतात. उत्तरं पाठ करून जा: भरून येतं ती अॅसिडिटी. हात दुखतो तो मोबाईलमुळे. वडील गेले ते 'झोपेतच, काही त्रास नव्हता'. सिगारेट? सोडली. (कधी, ते तो विचारत नाही. मी त्या दिवशी सकाळी सोडली होती.)

पट्टा सुरू होतो तेव्हा हसू येतं. ताशी २.७ किलोमीटर, म्हणजे दिवाळीच्या आदल्या रविवारी लक्ष्मी रोडवर गर्दी जेवढी पुढे सरकते तेवढा वेग. पण चढ पहिल्यापासून १० टक्के असतो, आणि दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात: आधी ४ आणि १२ टक्के, मग साडेपाच आणि १४. सिअॅटलच्या डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनी साठच्या दशकात बसवलेलं हे वेळापत्रक अजून चालू आहे. त्यांनी सिंहगड पाहिला नसावा, पण चढ बरोबर ओळखलाय. २२० मधून वय वजा करा, त्याचे ८५ टक्के काढा, नाडी तिथपर्यंत न्यायची असते. माझं वय ५२, म्हणजे १४३. आठव्या मिनिटाला पडद्यावर १३८ होते आणि मी कुलदैवताला गाठलं होतं.

अशा वेळी समोरचा दांडा लोकलमध्ये लटकल्यासारखा धरा. "काका, घट्ट धरू नका, नुसते हात ठेवा," असं तो म्हणेल. कारण वजन दांड्यावर टाकलं की पायांचं काम कमी होतं आणि तुमची ताकद आहे त्यापेक्षा जास्त दिसते. आपल्याला तेच तर हवंय! छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ते लगेच बोलायचं असतं, त्यासाठीच ही सगळी माणसं उभी असतात. पण शेजारच्या खोलीत सत्तरीच्या आजी साडी खोचून नऊ मिनिटं चालून गेल्याचं कळलेलं असतं. तेव्हा दात आवळा आणि "काही नाही, मजेत" म्हणा.

रिपोर्टमध्ये 'पॉझिटिव्ह' दिसलं तर पेढे आणू नका. आयुष्यभर पॉझिटिव्ह राहा म्हणून सांगतात, आणि इथे मात्र तो शब्द पुढच्या तपासण्यांकडे नेतो. तसं पॉझिटिव्ह आलेल्या सगळ्यांनाच ब्लॉकेज निघतं असंही नाही. बायकांमध्ये तर ही टेस्ट बऱ्याचदा उगाच घाबरवते. 'निगेटिव्ह' आलं तर मात्र तडक वडापाव. नळीतला लहानसा चरबीचा थर रक्त अडवत नाही, म्हणून या टेस्टला दिसत नाही, आणि तोच एखाद्या दिवशी फुटून घात करू शकतो, हे डॉक्टर सांगत असतात. तेव्हा तुम्ही शर्टाची बटणं लावत असा.

माझी निगेटिव्ह आली. फाईल एलआयसीच्या कागदांशेजारी ठेवली आहे. फक्त एक सांगायचं राहिलं. आठ दिवसांनी छातीवरचे ते चौकोन खुंटासारखे उगवतात आणि अशी खाज सुटते की विचारू नका. मी बसमध्ये उभा राहून डावा हात छातीवर चोळत होतो. समोरच्या पोराने माझ्याकडे पाहिलं, दचकून उठला. "काका, दुखतंय का? बसा, बसा." मी कपाळावरचा घाम पुसला, कण्हल्यासारखं केलं आणि खिडकीशी बसलो.