कपाळावरच्या यंत्राने सुई टळते, पण नेहमी नाही

"बाळाची कावीळ बघायला रक्त कशाला? नाक दाबून बघा. आता कपाळाला लावायचं यंत्रही आलंय. पिवळं दिसलं तर सकाळचं कोवळं ऊन द्या. दोन-तीन दिवसांत उतरते." हा संदेश रत्नागिरी-सिंधुदुर्गात घरोघरच्या मोबाइलवर फिरतो आहे. त्यातलं यंत्राचं विधान अर्धं खरं आहे, आणि त्यामुळेच तो घातक आहे.

"नाक दाबून कळतं." त्वचा दाबून सोडली की लाली क्षणभर हटते आणि खालचा पिवळेपणा दिसतो, इतकंच खरं. पण काविळीत रक्तात वाढणारं पिवळं द्रव्य, म्हणजे बिलिरुबिन, डेसिलिटरमागे ८ मिलिग्रॅम आहे की १४, हे अनुभवी नर्सलाही डोळ्यांनी सांगता येत नाही. सावळ्या बाळात तर फसगत जास्त. पावसाळ्यात माजघरातल्या बल्बखाली पाहूच नका. बाळाला पडवीत, दिवसाच्या उजेडात आणा. कपाळ, छाती आणि नडगी दाबून पाहा. पिवळं दिसलं तर मोजून घ्या. दिसलं नाही तरी निर्धास्त होऊ नका.

"यंत्र आहे, मग रक्त नको." यंत्र त्वचेत प्रकाश सोडतं आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून पिवळेपणाचा अंदाज बांधतं. तो आकडा त्वचेतला असतो, रक्तातला नव्हे. कोणाला टोचायचं आणि कोणाला नाही, हे ठरवणारी ही चाळणी आहे. बाळाला उपचारासाठी निळ्या लाइटखाली कधी ठेवायचं, ती बिलिरुबिनची मर्यादा बाळाचं वय तासांत मोजून आणि गर्भाचे आठवडे पाहून तक्त्यावरून काढतात. यंत्राचा आकडा त्या मर्यादेच्या ३ मिलिग्रॅमच्या आत आला, किंवा १५ वा त्याहून जास्त आला, तर रक्त तपासायलाच हवं. मर्यादा १४ असेल तर ११ वरच टाच टोचायची. पहिल्या २४ तासांतली कावीळ किंवा ३५ आठवड्यांआधी जन्मलेलं बाळ असेल, तर थेट रक्तच तपासावं. लाइट दिल्यावर उघडी त्वचा रक्ताआधी फिकी पडते, म्हणून त्यानंतर निदान २४ तास यंत्राचा आकडा धरू नये.

रक्ताचा नमुना तालुक्याला पाठवायचा असेल तर नळी काळ्या कागदात किंवा फॉइलमध्ये गुंडाळा. उजेडात बिलिरुबिन विघटित होतं आणि आकडा खोटा कमी येतो.

"कोवळं ऊन पुरतं." उन्हातला निळा प्रकाश बिलिरुबिन फोडतो खरा, पण किती मिळाला हे मोजता येत नाही, उघडं बाळ गारठतं किंवा भाजतं, आणि जूनपासून इथे ऊन असतं तरी किती? शिवाय उन्हाने कपाळाची त्वचा फिकी पडते, मग डोळे आणि यंत्र दोन्ही चुकतात. म्हणून घरी गेलेल्या बाळाचं माप छातीच्या मधल्या हाडावर घेणं बरं.

साखरपाणी, घुटी काही नको. २४ तासांत ८ ते १२ वेळा अंगावरचं दूध द्या. कपड्यांत डांबरगोळ्या ठेवू नका. जी-६-पी-डी हे तांबड्या पेशी जपणारं एन्झाइम कमी असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी त्यांनी फुटतात.

"दोन-तीन दिवसांत उतरते." पूर्ण दिवसांच्या बाळात ती तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत जास्त असते, म्हणजे नेमकी घरी आल्यावर. घरी सोडताना यंत्राचा आकडा, मोजल्याची वेळ आणि पुढची तारीख कार्डावर लिहून घ्या. तिसऱ्या दिवशी आशाताई येतात, त्यांना ते दाखवा. बाळ दूध ओढत नसेल, उठत नसेल, कर्कश रडत असेल किंवा पाठ मागे ताणत असेल, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा.

दोन आठवड्यांनंतरही पिवळेपणा राहिला, शी पांढुरकी आणि लघवी गडद पिवळी असली, तर पित्तनलिका बंद असू शकते. त्यासाठी थेट (डायरेक्ट) बिलिरुबिन, म्हणजे यकृताने प्रक्रिया केलेला भाग, वेगळं मोजावं लागतं, ते फक्त रक्तातून. शस्त्रक्रिया लागली तर ती पहिल्या दोन महिन्यांत व्हायला हवी.