एक्सआरएफ यंत्राला वस्तूच्या आतले किती दिसते?

एक्सआरएफ म्हणजे क्ष-किरण प्रतिदीप्ती: वस्तूवर क्ष-किरण टाकले की तिच्यातील अणू आपापल्या ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण उत्सर्जित करतात आणि त्यांवरून मूलद्रव्ये ओळखतात. “एक्सआरएफचे यंत्र कोणतीही वस्तू न फोडता तिच्या आतील प्रत्येक मूलद्रव्याचा त्रिमितीय नकाशा काढते, त्यामुळे नमुना कापण्याची किंवा सोने वितळवून टंच काढण्याची गरज संपली” अशा आशयाचा मजकूर चित्रकार व्हॅन गॉगच्या चित्राचा दाखला देत फिरत असतो. त्यात काही तथ्य आहे, म्हणूनच त्यातील विधाने सुटी करून तपासलेली बरी.

प्रथम व्हॅन गॉग. त्याच्या गवताच्या चित्राखाली दडलेला स्त्रीचा चेहरा २००८ साली हॅम्बुर्गच्या सिंक्रोट्रॉनवर (अतितीव्र क्ष-किरण निर्माण करणाऱ्या कणत्वरकावर) उलगडला, हे खरे. परंतु साडेसतरा सेंटिमीटर चौरसाच्या त्या भागाचा दोन दिवस चाललेल्या मापनातून मिळालेला नकाशा सपाट होता. सर्व थरांतील मूलद्रव्ये त्यात एकाच पातळीवर उमटतात; पारा आणि अँटिमनी यांचे नकाशे खालच्या चेहऱ्याचे आहेत, हे संशोधकांना आकृतीवरून ओळखावे लागले.

खरे त्रिमितीय मापन वेगळ्या रीतींनी होते. लहान नमुना क्ष-किरणांच्या शलाकेत (झोतात) फिरवून अनेक कोनांतून मोजतात, किंवा एका भिंगाने शलाका एका बिंदूवर आणून दुसऱ्या भिंगातून फक्त त्याच बिंदूचे किरण टिपतात. या दुसऱ्या रीतीचे पुरातत्त्वीय वस्तूंवरील सुरुवातीचे प्रयोग बर्लिनच्या बेस्सी या सिंक्रोट्रॉन केंद्रात झाले आणि त्यांत मुघल लघुचित्रांचे रंगथर होते, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही.

“कोणतीही वस्तू, आतपर्यंत” हे विधान मात्र मुळातच चुकते. आत शिरणारा किरण कितीही भेदक असला, तरी माहिती घेऊन येतो तो अणूने उत्सर्जित केलेला किरण, आणि त्याची ऊर्जा मूलद्रव्यानुसार ठरलेली असते. लोहाचा ६.४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा (हे किरणाच्या ऊर्जेचे एकक) किरण पाण्यात सुमारे अर्धा मिलिमीटर गेल्यावर मूळच्या ३७ टक्क्यांवर येतो. कॅल्शियमचा तेवढाच क्षीण व्हायला दशांश मिलिमीटर पुरतो आणि सोडियमचा दोन-तीन मायक्रॉनमध्येच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) संपत जातो. म्हणजे, उदाहरणार्थ, एकाच बियाण्यातील लोह ज्या खोलीवरून दिसते, तिथले सोडियम दिसत नाही, आणि “प्रत्येक मूलद्रव्याचा” एकसारखा खोल नकाशा मिळणे शक्यच नाही. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन तर नेहमीच्या यंत्राच्या आवाक्याबाहेरच राहतात.

मूलद्रव्य कळले म्हणजे पदार्थ कळला, हेही खरे नाही. हरताळ (पिवळा) आणि मनशीळ (तांबडा) या दोन्ही रंगद्रव्यांत आर्सेनिक व गंधक असते; त्यांतला नेमका रंग कोणता, हे ठरवायला क्ष-किरण विवर्तन किंवा रामन वर्णपटमापन यांसारखे स्फटिकांची वा रेणूंची रचना ओळखणारे तंत्र लागते.

वस्तूला इजा होत नाही, हे हातातल्या लहान यंत्रापुरते बहुतांशी मान्य करता येईल. सिंक्रोट्रॉनच्या सूक्ष्म, तीव्र शलाकेखाली मात्र प्रशियन निळ्यासारख्या रंगद्रव्यात बदल झाल्याचे नोंदले गेले आहे, म्हणून संग्रहालयांना किरणांची मात्रा ठरवूनच काम करावे लागते.

राहिले सोने, आणि इथे गैरसमजाची किंमत थेट ग्राहक मोजतो. सराफाकडील यंत्र प्रामुख्याने सोन्याचा ९.७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासचा किरण मोजते. घन सोन्यात तो सुमारे चार मायक्रॉनमध्येच ३७ टक्क्यांवर येतो आणि बारा मायक्रॉन खोलीवरून निघालेल्यांपैकी जेमतेम पाच टक्के पृष्ठभागापर्यंत पोहोचतात. जाड मुलाम्याखाली टंगस्टन असले, तर यंत्र मुलाम्याचाच कस सांगेल, आणि तो बिनचूक सांगेल. सोन्याचा ६८.८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा अधिक भेदक किरण उद्दीपित करणारी नळी अशा यंत्रात सहसा नसते. असली तरी खोली दशांश मिलिमीटरांतच राहते. भारतीय मानक ब्युरोच्या हॉलमार्किंगमध्ये एक्सआरएफने प्राथमिक तपासणी होते खरी, परंतु कस निश्चित करण्यासाठी दागिन्यातून थोडा नमुना काढून, त्यात चांदी मिसळून, शिशाबरोबर भट्टीत तापवतात, नायट्रिक आम्लात चांदी विरघळवतात आणि उरलेले सोने तोलतात.