मक्याचा धडा पुसू नका

कोल्हापुरातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मका मूळचा भारतातलाच, तो अमेरिकेतून आला असं शाळेत शिकवणं ही दिशाभूल, स्वीटकॉर्न म्हणजे जनुकं बदललेलं विष, मका हे जनावरांचं खाणं, आणि त्याच्या व्यापाराशी शाळेतल्या पोरांचा संबंध काय? मी पाचवीला मका शिकवते, म्हणून उत्तर देते आहे.

‘मूळचा भारतातला’ याला पुरावा म्हणून कर्नाटकातल्या सोमनाथपूरच्या केशव मंदिराचा फोटो जोडलाय. मंदिर तेराव्या शतकातलं, कोलंबस अमेरिकेला पोचला १४९२ मध्ये, आणि मूर्तींच्या हातात कणसासारखं काहीतरी आहे, हे सगळं खरं. अभ्यासकांनीही त्यावर वाद घातला आहे. पण दगडातल्या आकारावरून पीक सिद्ध होत नाही, त्यासाठी दाणे सापडावे लागतात. आपल्याकडच्या उत्खननांत तांदूळ, मूग, कुळीथ यांचे जळके दाणे मिळतात. कोलंबसाच्या आधीचा, सर्वमान्य असा मक्याचा दाणा मात्र मिळालेला नाही. मेक्सिकोतल्या गिला नाकित्झ गुहेत सहा हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची कणसं मिळाली आहेत. मक्याचं रानटी रूप, टिओसिंटे नावाचं गवत, आजही तिकडेच उगवतं. त्याच्या कणसाला मोजके दहाएक दाणे, तेही दगडासारखे कठीण. त्यातून आजचं कणीस घडवलं ते सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीपासून बी निवडत आलेल्या शेतकऱ्यांनी. त्यांची नावं कुणाला माहीत नाहीत, आणि मला वाटतं मुलांना सांगण्यासारखी खरी थोरवी हीच आहे. पाल्यात बंद असलेलं कणीस आपोआप गळून उगवत नाही, माणसानं सोलून पेरावं लागतं. म्हणजे मका इथे आला तो माणसांबरोबर, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या व्यापारातून. तांबड्या रश्श्यातली मिरचीही त्याच खंडातली. त्यामुळे रस्सा कमी कोल्हापुरी ठरत नाही.

स्वीटकॉर्नची गोडी निसर्गात आपसूक झालेल्या बदलातून आली: दाण्यातली साखर पिठूळ व्हायची थांबली. वर्गात दोन्ही दाणे वाळवून पाहा, गोड दाणा सुरकुततो, साधा टणक राहतो. संकरित बियाणं ही आणखी वेगळी गोष्ट. तुऱ्यातला पराग कणसाच्या केसांवर पडतो, एका केसामागे एक दाणा. बियाण्याच्या प्लॉटमध्ये एका वाणाचे तुरे काढून टाकतात आणि दुसऱ्याचा पराग पडू देतात. जनुकं बदललेल्या मक्याच्या लागवडीला भारतात परवानगीच नाही. तशा बियाण्याचं पीक इथे शेतकरी घेतात ते बीटी कापसाचं, २००२ पासून.

जनावरांचं खाणं? हो, वैरण आणि मुरघास म्हणून आपल्या गोठ्यांत मकाच असतो, कोंबडीखाद्यातही तोच. म्हणजे दूध आणि अंड्यांतून तो मुलांच्या ताटात येतोच. मेक्सिकोत तर तो रोजचं अन्न आहे. या आक्षेपात जवळपास खरं असं एकच आहे: नुसत्या मक्यावर जगलेल्यांना त्रास झाला. युरोपात आणि अमेरिकेच्या दक्षिण भागात गरिबांना पेलाग्रा हा कातडी खराब करणारा, जिवावर बेतणारा आजार झाला, कारण मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला सहज मिळत नाही. मेक्सिकोतल्या बायका पूर्वापार मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, त्यानं ते मिळतं. युरोपनं दाणे नेले, ही रीत नेली नाही. आपल्या मुलांच्या ताटात आमटी, भाकरी, दूध असतं. रंकाळ्यावर लिंबू-तिखट लावलेलं कणीस त्यांनी खुशाल खावं.

राहिला व्यापार. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारनं उसाच्या रसापासून पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल करण्यावर मर्यादा आणली आणि ते बनवणाऱ्या डिस्टिलऱ्या मक्याकडे वळल्या. मका महागला, पोल्ट्रीवाले अडचणीत आले, आणि एरवी मका निर्यात करणाऱ्या भारतानं २०२४ मध्ये म्यानमार आणि युक्रेनचा मका आणला. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरचा ऊस कारखान्याला जातो, आणि बांधाला वैरणीचा मका असतो. संबंध विचारणाऱ्यांनी त्यांच्या घरी विचारावं.