गॅमा किरणांचा स्फोट ही तापलेल्या गाभ्याची चमक नव्हे

तारा फुटताना त्याचा गाभा अतोनात तापतो आणि त्या उष्णतेचीच चमक गॅमा किरणांच्या, म्हणजे अतिशय ऊर्जावान प्रकाशाच्या रूपात चहूकडे पसरते, असा एक संदेश सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

गाभ्यातला प्रकाश थेट बाहेर पडूच शकत नाही. भोवतीचं दाट द्रव्य त्याला अडवतं. गाभा कोसळून कृष्णविवर बनलं, की विरुद्ध दिशांना द्रव्याचे दोन अरुंद झोत सुटतात आणि ताऱ्याला भेदून बाहेर येतात. त्यांचा वेग प्रकाशाच्या ९९.९९ टक्क्यांहूनही अधिक असतो. गॅमा किरण निर्माण होतात ते या झोतांत, गाभ्यापासून फार दूर. झोतातले मागून येणारे वेगवान थर पुढच्या मंद थरांवर आदळतात, किंवा चुंबकीय क्षेत्ररेषा तुटून नव्याने जुळतात. यातलं नेमकं काय प्रभावी ठरतं, यावर अजून वाद आहे. यातून ऊर्जा मिळालेले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेत किरण सोडतात; त्यांना सिंक्रोट्रॉन प्रारण म्हणतात. म्हणूनच बहुतेक स्फोटांचा वर्णपट (कोणत्या ऊर्जेचा प्रकाश किती, याची मांडणी) तापलेल्या वस्तूसारखा दिसत नाही.

उष्णतेचा वाटा अगदीच नसतो, असंही नाही. २ सप्टेंबर २००९ च्या स्फोटात तो ठळक दिसला, पण अशा प्रारणाचा उगमही झोताच्याच पृष्ठभागाशी जोडला जातो, जिथे झोत पारदर्शक होऊन आतला प्रकाश बाहेर पडू शकतो.

शिवाय प्रत्येक वेळी तारा फुटलेलाच असतो असं नाही. १७ ऑगस्ट २०१७ चा स्फोट दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या, म्हणजे मृत ताऱ्यांच्या अतिदाट गाभ्यांच्या, विलीनीकरणातून झाला. त्यातून उठलेल्या गुरुत्वीय लहरींनंतर (अवकाशाच्याच तरंगांनंतर) अवघ्या १.७ सेकंदांनी त्याचे गॅमा किरण पोहोचले.