टॉवर उभे केले की जमीन मोकळी राहते?

पुनर्विकासाचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. त्याचा आशय असा: शहरात गाव वसवायच्या कल्पना युरोपात ठीक आहेत. आपल्याकडे माणसं जास्त आणि जमीन कमी. टॉवर बांधले तर खालची जमीन मोकळी राहील, तिथे झाडं लावता येतील. तीन-चार मजली दाट वस्ती म्हणजे जागेची नासाडी. शिवाय तिथे आगीचा बंब शिरत नाही, आणि घराखाली दुकानं आली की बकालपणा आलाच.

यातला बंबाचा मुद्दा खरा आहे. बाकीचे एकेक करून तपासू.

"जागेची नासाडी"

एक हेक्टरचा भूखंड घ्या. त्यातल्या ४० टक्के जागेवर तळमजला अधिक तीन मजले बांधले तर एफएसआय (एकूण बांधकाम भागिले भूखंडाचं क्षेत्रफळ) १.६ होतो, म्हणजे १६,००० चौरस मीटर बांधकाम. भिंती, जिने आणि व्हरांड्यांपायी पाचवा हिस्सा वजा केला की १२,८०० उरतात. ५० चौरस मीटरचं घर धरलं तर अडीचशे घरं, म्हणजे घरटी पाच धरून साडेबाराशे माणसं.

टॉवरमध्ये याच भूखंडावर दुप्पट माणसं बसतील, हे कबूल. पण माणूस नुसत्या भूखंडावर राहत नाही. त्याला शाळा, रस्ता, बाजार, दवाखाना, मैदान लागतं. केंद्राच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागाच धरली आहे. सगळं मिळून माणशी २० चौरस मीटर धरू. साडेबाराशे माणसांना भूखंडाबाहेर अडीच हेक्टर लागतात, म्हणजे एकूण साडेतीन हेक्टर. अडीच हजार माणसांना बाहेर पाच लागतात, एकूण सहा. हेक्टरी हिशेब केला तर पहिल्या वस्तीत सुमारे ३५७ आणि दुसरीत सुमारे ४१७ माणसं येतात. इमारतींची उंची कितीतरी पट वाढवून पदरात पडला तो फक्त सहावा हिस्सा. प्रत्यक्षात टॉवरवाल्या भागात ही बाहेरची जागा सहसा सोडलीच जात नाही. "टॉवरमुळे जमीन वाचते" असं वाटतं ते म्हणूनच.

बैठ्या घरांचं उदाहरण पाहायचं तर नवी मुंबईत सीबीडी बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज आहे. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात सिडकोसाठी, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळासाठी, ते आखलं. सुमारे साडेपाच हेक्टरांत साडेपाचशे कुटुंबं, म्हणजे हेक्टरी शंभर घरं. सात घरांमध्ये सुमारे ८ × ८ मीटरचं एक अंगण. असे तीन गट मिळून २१ घरं आणि त्यांच्यामध्ये सुमारे १२ × १२ मीटरची जागा, आणि तशा तिघांची मिळून पुढची मोठी जागा. एकाही घराची भिंत शेजाऱ्याशी सामाईक नाही, त्यामुळे ज्याला हवं त्याला आपलं घर वाढवता येतं. लोकांनी ते वाढवलंही. कौलं गेली, कित्येक ठिकाणी काँक्रीटचे दोन-तीन मजले आले. काही जण याला अपयश म्हणतात. ते पटत नाही. घर कुटुंबाबरोबर वाढावं, हाच तर त्या आराखड्याचा गाभा होता.

"खालची जमीन मोकळी राहते"

नकाशावर राहते. उंच इमारतीभोवती बंब फिरायला सहा मीटर रुंद पट्टा लागतो आणि राष्ट्रीय इमारत संहितेनुसार तो ४५ टनांचा भार पेलेल असा टणक हवा. म्हणजे तिथे झाड नाही. उरलेल्या जागेखाली तळघर किंवा पोडियम (इमारतीखालचा उंचावलेला, बहुधा गाड्यांसाठीचा मजला) असतं आणि त्यावर जेमतेम मीटरभर माती. तिथे लॉन आणि शोभेचे पाम जगतात, वड-पिंपळ नाही. पावसाचं पाणी जमिनीत न मुरता थेट गटारात जातं.

आणि इमारती एकमेकींना खेटल्या तर काय होतं, ते मानखुर्द-गोवंडीच्या पुनर्वसन वसाहतींनी दाखवलं आहे. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडमध्ये दोन इमारतींतलं अंतर जेमतेम तीन मीटर आहे. तिथे केलेल्या अभ्यासात ऊन-वारा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर क्षयरोगाचं प्रमाण जास्त आढळलं. ते काही चाळीस मजली टॉवर नाहीत. पण जितकी उंची तितकं अंतर वाढवावं लागतं, आणि अंतर वाढवलं की "वाचलेली" जमीन त्यातच जाते. चार मजल्यांना दहा-बारा मीटरचा चौक पुरतो.

पाण्याचंही पाहा. पाच माणसांच्या घराला माणशी १३५ लिटरप्रमाणे रोज ६७५ लिटर पाणी लागतं. पंपाची एकूण कार्यक्षमता ६० टक्के धरली तर ते १०० मीटर उचलायला वर्षाला सुमारे ११० युनिट वीज जाते, १५ मीटरला १७. लिफ्टचा खर्च वेगळा. चार मजल्यांत लिफ्ट नसेल तर म्हाताऱ्यांचं काय, हा रास्त प्रश्न आहे. तळमजल्याची घरं त्यांच्यासाठी राखून ठेवायची, ती विकून टाकायची नाहीत.

"दुकानांमुळे बकालपणा"

कुठलं दुकान आणि कुठे, हे आधी ठरवलं नाही तर येतोच. किराणा, शिंपी, दवाखाना, दूध डेअरी गल्लीच्या तोंडाशी चालतात. गोदाम, गॅरेज आणि भटारखाना मात्र बाहेरच्या रस्त्यावरच हवीत. 

"बंब शिरत नाही"

जुन्या गावठाणांत आणि कोळीवाड्यांत खरंच शिरत नाही. कारणं मात्र बरीचशी नंतरची आहेत: गल्लीत उतरवलेले जिने, पुढे काढलेले ओटे आणि छज्जे, डोक्यावरच्या तारा, कडेला लावलेल्या गाड्या. नवी वस्ती आखताना गावठाणाची नक्कल करायची नसते. भोवती नऊ मीटरचा रस्ता ठेवावा, प्रत्येक गटाला निदान एका बाजूने साडेचार मीटरची बिनपायऱ्यांची गल्ली असावी आणि तिच्या तोंडाशी काढता येणारे खांब. गाड्या सगळ्या भोवतालच्या रस्त्यालगत. होजची लांबी १५ किंवा ३० मीटर असते. दोन जोडून कुठल्याही दारापर्यंत पोचता आलं पाहिजे, त्या हिशेबाने हायड्रंट (आग विझवायला पाणी घ्यायचे नळ) बसवायचे.

आमच्या मते बंबापेक्षा जास्त घात सांडपाणी करतं. अरुंद गल्लीत पिण्याची आणि मैल्याची नळी शेजारी-शेजारी टाकतात. सांधा गळला की पिण्याच्या पाण्यात घाण जाते. म्हणून मैल्याची नळी घरांच्या मागून न्यावी, १५० मिमी पाइपला साधारण १:१०० उतार द्यावा, प्रत्येक वळणावर चेंबर ठेवावं. छताच्या पन्हाळीचा पाइप त्यात कोणालाही जोडू देऊ नये. एकाने जोडला की सगळे जोडतात, आणि जुलैत तळमजल्याच्या संडासातून पाणी उलटं येतं.

तशीच गत अंगणाची होते. ते कोणाच्याच नावावर नसेल तर वर्षभरात तिथे गाड्या लागतात, मग पत्र्याची शेड उभी राहते. प्रत्येक अंगण त्याच सात-आठ घरांच्या अविभक्त हिश्श्यात खरेदीखतातच लिहावं, झाडलोट आणि दिव्याचं बिल त्यांच्याच माथी द्यावं, आणि आत यायची वाट पावणेदोन मीटरपेक्षा रुंद ठेवू नये. साडेचार मीटरची गल्ली अंगणाच्या तोंडापर्यंतच आणायची, आत नाही.