'अप्रतिम, जरूर वाचा' एवढ्यानं पुस्तक कुणी हातात घेत नाही

पुस्तकांच्या ग्रुपांवर रोज ढिगानं पोस्टी पडतात. मुखपृष्ठाचा फोटो, खाली 'निःशब्द', 'काळजाला भिडलं', 'प्रत्येक मराठी माणसानं वाचायलाच हवं'. लिहिणाऱ्याचं प्रेम खरं असतं, त्याबद्दल शंका नाही. पण दादरच्या दुकानात उभं राहून चारशे रुपये मोजायचे की नाही हे ज्याला ठरवायचंय, त्याच्या हाती यातून काहीही लागत नाही. माझं ठाम मत आहे की आवडलेल्या पुस्तकाबद्दल लिहिताना ते किती चांगलं आहे हे थोडक्यात आटपावं आणि ते कसं आहे हे नीट सांगावं.

विश्राम बेडेकरांची 'रणांगण' घ्या. 'हृदयस्पर्शी प्रेमकथा' म्हटलं की काही वाचक तिथूनच मागे फिरतात आणि उरलेले भलतीच अपेक्षा घेऊन येतात. त्यापेक्षा असं लिहून बघा:

'कादंबरी १९३९ची. युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट, दुसरं महायुद्ध तोंडावर. बोटीवर जर्मनी सोडावी लागलेले ज्यू आणि घरी परतणारे भारतीय प्रवासी. चक्रधर आणि हॅर्टा यांचं प्रेम या गर्दीत जमतं. पुस्तक लहान आहे, एका रविवारी वाचून होतं. सुरुवातीला माणसं भराभर येतात, कोण कुठला ते ध्यानात राहत नाही. तिथं पुस्तक खाली ठेवू नका, थोड्या पानांत सगळे ओळखीचे होतात. वर्णनाचा पसारा नाही. शेवट आधी कुणाला विचारू नका.'

एवढ्या ओळी पुरतात. काळ, जागा, लांबी, भाषा आणि अडण्याची जागा, सगळं आलं. 'अप्रतिम' हा शब्द लागलाच नाही.

यातली अडण्याची जागा सांगणं मला सगळ्यांत मोलाचं वाटतं, आणि नेमकं तेच कुणी लिहीत नाही. आवडलेल्या पुस्तकात उणं दाखवणं लोकांना कृतघ्नपणा वाटतो. पण पुस्तक अर्ध्यावर सुटतं ते बहुतेक वेळा ते वाईट असतं म्हणून नाही, तर पुढे काय आहे याची कल्पना नसते म्हणून. गोविंद नारायण माडगावकरांचं 'मुंबईचे वर्णन' १८६३चं. पहिल्या पानापासून सलग वाचायला बसणारा बहुधा लवकरच थकतो, कारण वाक्यं लांब आणि गद्य दीडशे वर्षांपूर्वीचं. हेच पुस्तक सुचवताना 'अनुक्रमणिका उघडा, आपल्या रोजच्या वाटेवरची जागा किंवा ओळखीचा विषय शोधा, तिथून सुरुवात करा' एवढं सांगितलं की तोच वाचक दोन बैठकांत बरंच वाचून टाकतो. दया पवारांचं 'बलुतं' (१९७८) सुचवताना लोक फक्त वेदना, दाहकता असे शब्द वापरतात. सांगायला हवं ते हे, की त्यात दगडू पवार आपली गोष्ट दया पवारांना सांगतो, म्हणजे एकच माणूस दोन नावांनी समोर बसलेला असतो; गावाइतकीच त्यात मुंबई आहे, कावाखाना नावाच्या वस्तीची मुंबई; आणि नगरकडच्या बोलीतले शब्द अडले तरी वाचत राहावं, अर्थ पुढच्या ओळींत लागतो. नव्या वाचकाला धीर येतो तो अशा माहितीनं.

सिनेमा आधी पाहिलेला असेल तर तेही लिहावं. 'सिंहासन' (१९७९) पाहिलेल्या बऱ्याच जणांना वाटतं की एका कादंबरीचा सिनेमा झाला. तो अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' अशा दोन कादंबऱ्यांवरून घेतला आहे. 'मुंबई दिनांक' आधीची, १९७३ची. सिनेमाच्या ओढीनं फक्त 'सिंहासन' आणणाऱ्याला हे कुणीतरी सांगितलं पाहिजे, नाहीतर तो पडद्यावरचे प्रसंग एकाच पुस्तकात शोधत बसेल.

आता आवृत्तीचं. मराठी पुस्तकं प्रकाशक बदलतात. भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' १९६३ साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीनं काढली, पुढे ती पॉप्युलर प्रकाशनाकडे आली. म्हणून नुसतं नाव देऊन भागत नाही. लेखक, प्रकाशक, आवृत्तीचं साल, पानं आणि छापील किंमत द्या. अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव लेखकाच्या शेजारीच. परकी कादंबरी मराठीत वाचून आवडली असेल तर त्यातली निम्मी करामत अनुवादकाची असते, आणि एकाच पुस्तकाचे दोन अनुवाद बाजारात असले की नाव न देणारी पोस्ट वाचकाला चुकीच्या प्रतीकडे पाठवते. यातलं बरंचसं आतल्या एकाच पानावर छापलेलं असतं. मुखपृष्ठाबरोबर त्या पानाचाही फोटो काढा, उजेडात, पान सपाट धरून.

पुस्तक हातात कसं बसतं, हेही मुंबईकराला कळू द्या. बोरिवली–चर्चगेट धीमी लोकल साधारण तासाभराची. दांडीला एक हात असताना जाडजूड, पुठ्ठा बांधणीचं पुस्तक दुसऱ्या हातात पेलत नाही. कथासंग्रह पेलतो, आणि एक कथा अंधेरीच्या आत संपतेसुद्धा. अक्षर बारीक आहे का, पावसाळ्यात दमट हवेनं पानं सुटतील अशी नुसती चिकटवलेली बांधणी आहे की शिलाईची, हे एका वाक्यात सांगता येतं. जुन्या प्रतीवरून फोटो घेऊन छापलेल्या आवृत्त्यांत मात्रा-वेलांट्या तुटलेल्या असतात. चाळिशी लागलेल्याला त्याचा फार त्रास होतो.

'कुठे मिळेल?' हा प्रश्न हमखास येतो, त्याचं उत्तर पोस्टमध्येच देऊन ठेवा. दुकानात नसेल तर वाचनालय. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय त्याहून जुनं, १८९३चं. अशा संस्थांच्या कपाटांत बाजारातून कधीच गेलेली पुस्तकं सापडतात. तिथं विचारताना लेखकाचं आडनाव आणि पुस्तकाचा प्रकार, म्हणजे कादंबरी, चरित्र, प्रवासवर्णन, आधी सांगावा. त्या वाचनालयातला दाखल क्रमांक, म्हणजे वाचनालयानं त्या प्रतीला दिलेला नोंदणीचा आकडा, पोस्टमध्ये असला तर तिथल्या दुसऱ्या सभासदाचं काम मिनिटात होतं. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुनं पुस्तक घेताना पानांचे आकडे तपासा. पुस्तक बहुधा सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत, म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून दुमडलेल्या गठ्ठ्यांत छापलं जातं, त्यामुळे बांधणीत गफलत झाली तर अख्खा फर्मा गळतो किंवा दोनदा लागतो. दर सोळा पानांवर एक नजर टाकली की चूक तिथेच पकडता येते.

आणि कृपा करून 'पीडीएफ पाठवा'ला उत्तर देऊ नका. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं त्याच्या लेखनावर हक्क असतो. मराठीत हजार प्रतींची आवृत्ती संपायला कित्येकदा वर्षं जातात. त्यात फुकटची फाइल गटागटांतून फिरली की प्रकाशक पुढची आवृत्ती काढायला धजत नाही, आणि मग तेच लोक 'पुस्तक मिळत नाही हो' म्हणून हळहळतात. एखादा परिच्छेद नावानिशी उतरवून द्यायला काहीच हरकत नाही. पण तो हातानं टाइप करा.

टाइप करण्यावरून एक तांत्रिक गोष्ट: पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव पोस्टच्या पहिल्या ओळीत, देवनागरीत, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून लिहा. फोटोतलं नाव शोधात सापडेल याचा भरवसा नसतो, आणि रोमन लिपीत एकाच नावाची चार स्पेलिंगं होतात. आज मेहनतीनं लिहिलेला अभिप्राय सहा महिन्यांनी कुणाला लागेल तेव्हा तो या ओळीमुळेच वर येईल.

पुस्तक अर्धवट सोडलेल्यांनीही लिहावं. कितव्या पानावर सोडलं आणि का, एवढं पुरे. 'बोअर आहे' म्हणू नका. 'पहिल्या भागात घराण्याचा इतिहास फार लांबला' म्हणा. घराण्याचे इतिहास आवडणारा माणूस नेमकं तेच वाचून पुस्तक मागवतो.

खाली कॉमेंटमध्ये अलीकडे आवडलेलं एकेक पुस्तक टाका: नाव, लेखक, प्रकाशक, साल, पानं, आणि वाचताना कुठं अडतं. मुंबईवरची पुस्तकं असतील तर घटना कोणत्या भागात घडतात तेही लिहा. गिरगाव, लालबाग-परळ, पलीकडे कल्याण-डोंबिवली अशी भागवार यादी करून याच पोस्टमध्ये जोडते.