बाबांच्या टेबलावरचा आरसा

परवा एक नातेवाईक बाबांना बघायला आले. बाबा जेवणाच्या टेबलाशी बसलेले, समोर दीड फुटाचा आरसा उभा. पाहुणे हसत म्हणाले, "काय काका, या वयात आरसा? कुठल्या लग्नाला निघालात?" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. बाबाही हसले. मला मात्र ते लागलं. दोन दिवस झाले तरी मनातून जात नाही, म्हणून लिहितेय.

बाबांना पक्षाघात झाला, त्यात डावा हात गेला. बोलणं आणि स्मरण शाबूत आहे, ही देवाची कृपा. फिजिओथेरपिस्ट ताईंनी सांगितल्यावरून रविवार पेठेतल्या काचवाल्याकडून आरसा कापून, कडा घासून आणला. तो टेबलावर बरोबर छातीसमोर उभा धरायचा, दोन हातांच्या मधे भिंत घातल्यासारखा. चकचकीत बाजू उजव्या हाताकडे, डावा हात आरशामागे झाकलेला. उजव्या हाताची मूठ उघडायची, मिटायची आणि नजर आरशावरून ढळू द्यायची नाही. आरशात जो हात हलताना दिसतो तो डावा असतो. मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी 1990 च्या दशकात ही युक्ती हात कापावा लागलेल्या माणसांसाठी वापरली. हात नाही, पण त्याची वेदना आहे, अशी ती माणसं. पुढे पक्षाघाताच्या रुग्णांनाही ती देऊ लागले. ताईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की ही जादू नव्हे, बाकीच्या व्यायामाला जोड आहे.

पहिल्यांदा आरशात तो हात हलला तेव्हा बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बऱ्याच दिवसांनी दिसला."

शाळेत आम्हाला शिकवलं होतं की आरशात डाव्याचं उजवं होतं. पाठ करून मार्कही मिळवले. ते खरं नाही, हे बाबांच्या टेबलाशी बसून मला नीट कळलं. आरसा फक्त स्वतःच्या काटकोनातली दिशा उलटवतो. समोर भिंतीवर असेल तर पुढचं मागं होतं. उजवा हात वर केला की आरशातलाही त्याच बाजूचा हात वर जातो. डोकं वर आणि पाय खाली राहतात. डावं-उजवं उलटतंय असं आपल्याला वाटतं, कारण आपण मनाने वळसा घालून त्या माणसाच्या जागी जाऊन उभे राहतो. डावं-उजवं खरोखर उलटायचं असेल तर आरसा दोन हातांच्या मधेच ठेवावा लागतो. बाबांचा तसाच आहे. तो उपचार चालतो तो एवढ्यावर.

हे बाबांनीच मला समजावलं. कारण आरसा हा त्यांचा विषय आहे.

1985 साली आम्ही नारायण पेठेत वाड्यात राहायचो. पुढच्या वर्षी हॅलेचा धूमकेतू येणार म्हणून पुण्यात बऱ्याच जणांना दुर्बिणीचं वेड लागलं होतं. विकतची दुर्बीण परवडणारी नव्हती, तेव्हा बाबांनी दुर्बिणीत प्रकाश गोळा करणारा खोलगट आरसा स्वतः घासायचा ठरवलं. अंगणात पाणी भरलेलं लोखंडी पिंप, त्यावर सहा इंचांची काचेची जाड चकती, तिच्यावर दुसरी तशीच. मधे कार्बोरंडमची, म्हणजे काच घासायची कठीण पूड आणि पाणी. वरची चकती पुढेमागे ढकलायची, थोडी फिरवायची, स्वतः पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं आणि पुन्हा ढकलायची. रोज ऑफिसातून आल्यावर दोन तास, कितीतरी महिने. वरची काच मधे खोलगट होत जाते, खालची फुगीर. एवढ्या खटाटोपातून मधोमध खळगा पडतो तो जेमतेम सव्वा मिलिमीटरचा. जाड पुडीकडून बारीक पुडीकडे जाताना पिंप, हात, कपडे, सगळं धुवायचं, कारण जाड पुडीचा एक कण राहिला तरी काचेवर ओरखडा. त्या दिवसांत आई अंगण झाडायची ती आधी बाबांना विचारून.

नंतर डांबराच्या चकतीवर लाल रूज नावाची बारीक पूड लावून पॉलिश. मग परीक्षा. ही पद्धत फुको या फ्रेंच शास्त्रज्ञाची, 1858 सालची. दिवे घालवून बाबा डब्यात बल्ब लावायचे. डब्याला सुईएवढं भोक, परत येणाऱ्या प्रकाशाच्या वाटेत दाढीचं ब्लेड हळूहळू सरकवायचं. आरशावर सावल्या उमटतात आणि काच डोंगरदऱ्यांच्या नकाशासारखी दिसते. चूक चालते ती प्रकाशाच्या तरंगलांबीच्या चौथ्या हिश्शापर्यंत. म्हणजे मिलिमीटरचे सुमारे 7000 भाग केले तर त्यातला एक. मला त्यांनी एकदा काचेवर अंगठा टेकवायला सांगितला. मिनिटभराने काढला आणि ब्लेडमागून पाहिलं तर तिथे टेकडी उभी. अंगठ्याच्या उबेने काच फुगली होती. बघता बघता ती विरली. मी दहा वर्षांची होते. माझ्या अंगात एवढी ऊब आहे की काचेवर डोंगर उठतो, हे मला त्या रात्री झोपू देईना.

मार्चमधे पहाटे सिंहगडाच्या बाजूला जाऊन धूमकेतू पाहिला. कापसाच्या बोळ्यासारखा पुसट होता. काहीजण हिरमुसले, बाबा नाही.

म्हणून मला सांगायचंय की आरसा म्हणजे नटणं, हे समीकरण आपण सोडून द्यावं. घराघरांत मुलींना ऐकवतात, "किती वेळ आरशासमोर!" जणू तिथे उभं राहणं हाच गुन्हा. आपली भाषा याहून शहाणी आहे. आरसा हा शब्द संस्कृत आदर्श शब्दातून आला आणि आदर्शचा मूळ अर्थच दर्पण. ज्याच्यासमोर स्वतःला धरून बघायचं ते. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं आपण म्हणतो, म्हणजे जे डोळ्यांना थेट दिसत नाही त्यासाठीच आरसा हवा, हे त्यात आलंच. ज्ञानदेवांनी चांगदेवांना लिहिलेल्या पासष्ट ओव्यांत दर्पण येतो तो जगातल्या सगळ्यात अवघड प्रश्नासाठी: पाहणारा आणि दिसणारा वेगळे का? मुख आरशाच्या आधीही असतंच, तरी ते स्वतःला दिसायला आरसा लागतो. स्पॅनिश चित्रकार वेलास्केझने 1656 मधे 'लास मेनिनास' हे चित्र रंगवलं, त्यात राजा-राणी फक्त मागच्या भिंतीवरच्या लहानशा आरशात दिसतात. चित्राच्या चौकटीबाहेर उभ्या माणसांना त्याने आरशाने आत आणलं. यातला कुठला आरसा नटण्यासाठी आहे?

आणि जुन्या आरशाची कड काळी पडली की आपण अजूनही म्हणतो, पारा उडाला. खरं तर लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1835 मधे काचेवर चांदी चढवायची रीत काढली, आणि त्यानंतर पाऱ्याचे आरसे हळूहळू मागे पडले. त्याआधी कथिल आणि पारा लावून आरसे होत, आणि ते करणारे कारागीर त्या वाफांनी आजारी पडत. तो पारा आपल्या बोलण्यात तेवढा राहिलाय.

बाबा आम्हाला खोडदला घेऊन गेले होते, नारायणगावजवळ. तिथे रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्या आहेत, प्रत्येक 45 मीटर व्यासाची. मी निराश झाले, कारण नुसती तारेची जाळी, आरपार आभाळ दिसत होतं. बाबा म्हणाले, "हाही आरसाच. रेडिओ लहरी इतक्या लांब असतात की त्यांना ही भोकं कळतच नाहीत." गुळगुळीत कशाला म्हणायचं हे येणाऱ्या लहरीवर ठरतं, हे तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलंय.

काल माळ्यावरून त्यांचा सहा इंची आरसा काढला. ॲल्युमिनियमचा लेप पार गेलाय, नुसती काच उरलीय. बाबांनी उजव्या हाताने कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "लेप परत देता येईल. काच चांगली आहे." मग मी त्यांचा डावा हात उचलून अंगठा काचेवर टेकवला आणि धरून ठेवला. मिनिटभर आम्ही दोघं काही बोललो नाही. अंगठा काढल्यावर त्यांनी मान वाकवून पाहिलं. डोळ्यांना अर्थातच काही दिसलं नाही.

"टेकडी उठली असेल बघ," ते म्हणाले. "डबा आणि ब्लेड आण."